अक्काने पाहिलेला रोमन वाडा

परदेशाचे नाव निघाले की आपल्या घरांत आधी लंडन आठवते, मग अमेरिका. इटली हा देश मी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला, तोही बुटासारखा दिसतो म्हणून लक्षात राहिलेला. त्या बुटाच्या टोकासमोर समुद्रात एक तिकोनी बेट आहे. त्याचे नाव सिसिली. तिथे आपण कधी पाऊल ठेवू असे मला वाटले नव्हते. पण जाणे झाले, आणि ते झाले अक्कामुळे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मेहुणे वारले तेव्हा तिच्या पदरी पाच वर्षांचा मुलगा होता. मेहुण्यांच्या जागेवर ती सफाई कामगार म्हणून लागली आणि २७ वर्षे रस्ते झाडून गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिचा तो मुलगा, माझा भाचा, शिकून इंजिनिअर झाला. आज तो सिसिलीतल्या कातानिया शहरात इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरी करतो. त्याला मुलगी झाली. सूनबाईची आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा बाळंतिणीजवळ अक्काच जाणार हे ठरलेले. पण अक्काने विमान पाहिलेले ते फक्त आकाशात उडताना. तिला एकटीला कसे पाठवायचे? म्हणून पोचवायला मी निघालो. कारकुनीच्या नोकरीत साठवलेली अर्जित रजा अशी कामाला आली.

बाळ सव्वा महिन्याचे झाले आणि माझी परतायची तारीख जवळ आली. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, इथवर येऊन नुसते बाळाचे लंगोट वाळत घालून परत जाणार का? रविवारी एक जुना रोमन वाडा बघायला जाऊ. महिन्याचा पहिला रविवार आहे, तिकीटही नाही." अक्का तयार होईना. शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही जाऊन या. मी आहे ना बाळाजवळ." मग अक्काने पहाटे उठून चपात्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली, आणि आम्ही तिघे भाच्याच्या गाडीतून निघालो.

वाटेवरचा डोंगर

कातानियाच्या मागे एटना नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या तोंडातून धूर निघत होता आणि खाली लोक आपापल्या कामाला लागलेले होते. शहर सोडले की सपाटीवर संत्र्यांच्या बागा लागतात. मग चढ सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना गव्हाचे डोंगर. डोंगर म्हणजे खरोखर डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत गहूच गहू. मे महिना होता, पीक पिवळे पडू लागले होते.

हा गहू सिसिलीचा फार जुना आहे. रोमन साम्राज्याने समुद्रापलीकडचा जो पहिला मुलूख ताब्यात घेतला तो सिसिली. रोम शहराच्या पोटाला जे धान्य लागे त्यातला मोठा वाटा वर्षानुवर्षे इथून जहाजांत भरून गेला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य जमा-खर्चाच्या वह्यांत गेले. एवढा गहू दिसला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हा कापला कोणी आणि त्याला मिळाले काय?

त्याचे उत्तर वाटेतच समोर आले. दूर एका उंच डोंगरमाथ्यावर गाव दिसत होते. भाचा म्हणाला, "मामा, ते एन्ना. गुलामांचं पहिलं मोठं बंड तिथून उठलं."

ती हकिकत अशी. युद्धात पकडलेली माणसे हजारोंनी सिसिलीच्या शेतांवर आणून विकली जात. एन्ना गावात दामोफिलस नावाचा बडा जमीनदार होता. उघडे-नागडे राबणारे त्याचे गुलाम एकदा त्याच्यापुढे गेले आणि म्हणाले, अंगावर घालायला काही द्या. त्याने त्यांना सुनावले की रस्त्याने जाणारे वाटसरू काय कपड्यांवाचून फिरतात? म्हणजे लुटून घ्या, माझ्याकडे मागू नका. वर खांबाला बांधून फटके दिले. इ.स.पू. १३५च्या सुमारास गुलाम उठले. त्यांचा पुढारी एउनुस हा सीरिया देशातून आणलेला गुलाम होता. त्यांनी एन्ना घेतले, रोमच्या फौजा एकदा नव्हे तर अनेकदा परतवल्या. दामोफिलस मारला गेला, त्याची तितकीच क्रूर बायकोही मारली गेली. पण त्यांची एक तरुण मुलगी होती. ती गुलामांशी मायेने वागत असे, बांधून घातलेल्यांना धीर देत असे. तिच्या अंगाला कोणी हात लावला नाही. गुलामांनीच तिला सोबत देऊन सुखरूप नातलगांकडे पोचवले, आणि ते नातलग राहत होते कातानियात.

इ.स.पू. १३२ मध्ये बंड मोडले गेले. एउनुस जवळच्या मोर्गान्तिना गावी तुरुंगात मेला. आज एन्नाच्या किल्ल्याजवळ बेड्या तोडणाऱ्या एउनुसचा पुतळा उभा आहे.

मुलीची गोष्ट ऐकून अक्का एवढेच म्हणाली, "बघ, रागात असूनबी माणसं ओळखली त्यांनी."

गढी आणि वस्ती

कातानियापासून शंभरेक किलोमीटरवर प्यात्सा आर्मेरिना हे गाव लागते. डोंगरावर चढत गेलेली दगडी घरे आणि सगळ्यांच्या वर मोठ्या घुमटाचे चर्च. त्या गावाच्या खाली तीन-चार किलोमीटरवर, झाडीने भरलेल्या दरीत, हा वाडा आहे. त्याचे नाव 'व्हिला रोमाना देल कासाले'.

व्हिला म्हटले की आपल्याला समुद्राकाठचा बंगला आठवतो. रोमन काळचा खेड्यातला व्हिला म्हणजे आपल्याकडच्या देशमुखाच्या गढीसारखा प्रकार. मधे मालकाचा वाडा, जवळ कोठारे, आणि भोवताली कसणाऱ्यांच्या वस्त्या. इथे आधी साधा शेतावरचा वाडा होता. इ.स.च्या चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात तो पाडून हा मोठा वाडा बांधला. म्हणजे एउनुसच्या बंडाला तेव्हा साडेचारशे वर्षे होऊन गेली होती. वाड्यापासून सहा-एक किलोमीटरवर सोफियाना नावाच्या जागी त्या काळची मोठी वस्ती सापडली आहे. ती हमरस्त्यावर होती आणि वाड्यापेक्षा जुनी होती.

चौथ्या शतकात शेतांवर गुलामांबरोबर कुळे फार झाली होती. कूळ म्हणजे कागदावर स्वतंत्र माणूस. पण इ.स. ३३२ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने कायदा केला की जे कूळ जमीन सोडून पळायचा बेत करील त्याला गुलामासारख्या बेड्या घालाव्यात. म्हणजे ज्या काळात हा वाडा नांदत होता त्याच काळात शेत कसणाऱ्याचा पाय जमिनीला बांधला गेला. बांधकामाचा पैसा कुठून आला हे कळायला यापेक्षा वेगळी खतावणी नको.

आत शिरताना प्रथम पाणी आणणाऱ्या पाटाच्या कमानी लागतात, मग स्नानगृहाच्या भट्ट्या. जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली, तिच्याखालून गरम हवा फिरवायची आणि भिंतींत बसवलेल्या मातीच्या नळ्यांतून वर न्यायची. मालक आत घाम काढत बसला असताना बाहेर कोणीतरी लाकडे टाकत बसलेला असणार. जवळच शौचालय आहे. बसायची ओळ आणि तिच्याखाली पाण्याचा पाट.

भाचा सांगू लागला, "वाहत्या पाण्यानं सगळी घाण निघून जायची. बघा मामा, सतराशे वर्षांपूर्वी!"

अक्का वाकून पाट बघत होती. म्हणाली, "वाहत्या पाण्यानं सगळं जात नाही रे बाबा. वळणावर तुंबतंच. मग कुणाला तरी उतरावं लागतं."

माहितीच्या फलकावर हे लिहिलेले नव्हते. पण २७ वर्षे चौकीवर काढलेल्या बाईला ते कोणी सांगायची गरजही नव्हती.

पायाखालची चित्रे

हा वाडा जगभर प्रसिद्ध आहे तो त्याच्या फरशीसाठी. आपल्याकडे जुन्या चाळींत मोझॅकच्या लाद्या असतात, गच्चीवर फुटक्या तुकड्यांचे चायना मोझॅक असते. त्याच जातीचे हे काम, पण नखाएवढे रंगीत दगड एकेक करून बसवलेले आणि त्यांतून माणसे, जनावरे, जहाजे, झाडे उभी केलेली. अशी सुमारे ३,५०० चौरस मीटर फरशी इथे आहे. मी तिथेच मनात हिशेब केला. ३७,००० चौरस फुटांहून जास्त झाली. २२५ फुटांची खोली धरली तर दीडशेहून अधिक कुटुंबांची वस्ती होईल, एवढी नुसती चित्रे. हे कारागीर समुद्रापलीकडून, उत्तर आफ्रिकेतून आलेले असावेत असे अभ्यासक मानतात. त्यांच्यापैकी कोणाचेही नाव आज कोणाला माहीत नाही.

चित्रांवर पाय पडू नये म्हणून वरून पुलासारखी वाट केली आहे. तिच्यावरून चालायचे आणि खाली बघायचे. सगळ्यांत गर्दी होती ती दहा मुलींच्या खोलीपाशी. दोन तोकड्या वस्त्रांत व्यायाम करणाऱ्या मुली आहेत. कोणी धावते आहे, कोणी थाळी फेकते आहे, दोघी चेंडू खेळत आहेत, आणि जिंकलेलीला मुकुट मिळतो आहे. लोक फोटो काढताना हसत होते. अक्का म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे? शाळेच्या स्पर्धेतल्या पोरी आहेत." खोलीच्या एका कोपऱ्यात वरची फरशी गेलेली आहे आणि खालची जुनी, साध्या नक्षीची फरशी दिसते. नव्या मालकाच्या हौसेखाली जुनी हौस गाडलेली.

मग लागतो तो मोठा शिकारीचा सज्जा. त्याची लांबी साठ मीटरहून जास्त, म्हणजे आपल्या लोकलचे तीन डबे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच कथा आहे. दूर देशांतली जनावरे जिवंत पकडायची, पिंजऱ्यात घालायची, जहाजावर चढवायची आणि रोमच्या खेळांसाठी न्यायची. तिथे हजारो लोकांसमोर ती मारली जात. शहामृग आणि काळविटे फळीवरून जहाजात चढवत आहेत. जड पिंजरे खांद्यावर घेऊन माणसे चालली आहेत. एका वाघिणीसमोर काचेचा गोळा आहे. शिकारी तिचे पिल्लू पळवतो आणि मागे काचेचा गोळा टाकतो. त्यात आपलेच प्रतिबिंब बघून तिला वाटते हेच माझे पिल्लू, आणि ती तिथेच थांबते.

या सज्जाच्या एका टोकाला एक सावळी बाई काढली आहे. तिच्या हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वाघ. बरेच अभ्यासक म्हणतात की ही बाई म्हणजे भारत देश. दुसरे काहीजण तिला आफ्रिकेतल्या देशाचे रूप मानतात. भारत असेल तर तो इथे कसा आला याचे आश्चर्य वाटायला नको. त्या काळाच्या कितीतरी आधीपासून आपली मिरी, हस्तिदंत, कापड आणि जनावरे जहाजांनी रोमकडे जात होती, आणि सोपारा, कल्याण ही आपल्याकडची बंदरे त्या व्यापारात होती.

मी त्या बाईकडे बघत होतो. अक्का मात्र दुसरीकडेच बघत होती. तिने मला कोपराने ढोसले. "त्यो बघ मुकादम." खाली हमालांच्या घोळक्यात एक अधिकारी काठी उगारून कामाच्या माणसाला हाणतो आहे. एवढ्या थोरल्या चित्रात ते एवढेसे आहे. माझ्या नजरेतून सुटले असते.

वाडीचे नाव राहिले

बाहेर झाडाखाली बसून आम्ही चपात्या खाल्ल्या. भाच्याने माहितीपुस्तिका वाचून दाखवली, त्यातून पुढची कथा कळली.

रोमन साम्राज्य मोडले, मालक गेले. पण जागा ओस पडली नाही. गरीब शेतकरी, कुंभार तिथे राहिले. भग्न दालनांच्या आडोशाने भिंती घातल्या, चुली पेटवल्या, भट्ट्या लावल्या. दहाव्या ते बाराव्या शतकात, आधी अरबांच्या आणि मग नॉर्मन राजांच्या अमलात, इथे चांगले नांदते गाव होते. बाराव्या शतकात ते गाव उजाड झाले, डोंगरावरून चिखल-माती उतरली आणि सगळे गाडले गेले. 'कासाले' या शब्दाचा अर्थच मुळी खेडे, वाडी. म्हणजे ज्याला जग आज वाडीचा वाडा म्हणून ओळखते त्याचे नाव मालकावरून पडलेले नाही, मागून आलेल्या गरिबांच्या वस्तीवरून पडले आहे.

मालक कोण होता, यावर पुष्कळ वाद झाले. कोणी म्हणाले मॅक्सिमियन बादशहा, कोणी म्हणाले कोणी बडा सरदार. पक्के काही ठरले नाही. एवढ्या फरशीवर त्याला आपले नाव लिहून ठेवायला जागा होती, पण ते आज कुठे वाचता येत नाही.

शेतात नांगराला, कुदळीला रंगीत फरशी लागते हे आसपासच्या लोकांना ठाऊक होते. १९२९ मध्ये पाओलो ओर्सी या संशोधकाने इथे खणले, पुढे १९३५ ते १९३९ या काळात आणखी काम झाले. खरे मोठे उत्खनन १९५० पासून दहा वर्षे जिनो विनिचो जेन्तिली यांनी केले. मजुरांनी मीटर-मीटर माती उपसली आणि चित्रे उजेडात आली. पण इथे एक गोष्ट मनाला लागली. सगळ्यांना घाई होती ती खालच्या श्रीमंत फरशीची. तिच्यावर उभी असलेली गरिबांच्या गावाची घरे, भिंती पुष्कळशा काढून टाकल्या गेल्या, त्यांची नीट नोंदही राहिली नाही. २००४ पासून पुन्हा उत्खनन झाले तेव्हा वाड्याच्या दक्षिणेला त्या गावाचा उरलेला भाग काळजीपूर्वक उघडला गेला. राजवाडा शोधताना गाव फेकून द्यायचे, आणि पन्नास वर्षांनी गावही इतिहास आहे हे ध्यानात यायचे. अशी चूक आपल्याकडे होत नसेल असे कोणी म्हणू नये.

सापडलेले जपणे हे सापडण्यापेक्षा कठीण. उन्हापावसापासून वाचवायला फ्रांको मिनिस्सी या वास्तुकाराने लोखंडी सांगाडा आणि प्लास्टिकच्या पत्र्यांचे छप्पर केले. प्रकाश आला, पण उन्हाळ्यात आत भट्टी होऊ लागली, फरशीला त्रास झाला. १९९१ मध्ये पूर आला आणि चिखल पुन्हा आत शिरला. १९९७ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवले. त्यानंतर मोठी दुरुस्ती झाली, लाकडाचे नवे छप्पर आले आणि २०१२ मध्ये सगळे पुन्हा खुले झाले. आम्ही गेलो तेव्हाही एका खोलीत दोन बाया गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशाने फरशी साफ करत होत्या. अक्का त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्यांतल्या एकीने वर पाहून हात हलवला. अक्कानेही हलवला.

टीटे, कासी

जेवण झाल्यावर भाचा म्हणाला, "एक खोली आपण घाईत ओलांडली. चला परत." आम्ही पुन्हा स्नानगृहाकडे वळलो.

ती अंगाला तेल लावायची लहानशी खोली आहे. फरशीवर एक माणूस उभा आहे, त्याचे अंग चाकर चोळतो आहे. त्याच्या खाली आणखी दोन चाकर. त्यांच्याजवळ बादली आणि झाडू. अंगावर फक्त लंगोट. आणि त्या लंगोटांवर, काळ्या खड्यांनी, अक्षरे लिहिलेली आहेत.

"वाच बरं," अक्का म्हणाली.

भाच्याने वाचले, "टीटे. कासी."

"म्हणजे?"

"नावं आहेत, आई. टीटस आणि कॅसिअस. त्या भाषेत हाक मारताना नावाचं रूप बदलतं. टीटे म्हणजे 'अरे टीटस'. कासी म्हणजे 'अरे कॅसिअस'."

आपल्या व्याकरणात जी संबोधनाची विभक्ती आहे तीच ही. मालकाने मारलेली हाक दगडात राहून गेली आहे. इकडे ये, पाणी आण, हे झाड.

अक्का कठड्याला धरून उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "झाडूवाल्यांची नावं राहिली म्हणायची. आणि त्या मालकाचं?"

"त्याचं सापडलं नाही."

ती काही बोलली नाही. मला मात्र एक आठवण झाली. २७ वर्षांत रस्त्यावर तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. 'ए बाई', 'ए मावशी', 'ओ झाडूवाली'. नाव होते ते हजेरीपटावर. निवृत्तीच्या दिवशी सोबतच्या कामगारांनी चौकीवर छोटा समारंभ केला, तेव्हा माईकवरून तिचे पूर्ण नाव घेतले गेले. त्या संध्याकाळी शालीबद्दल ती फारसे बोलली नाही. "माझं पूर्ण नाव घेतलं, वडलांसकट," हे तिने घरी दोनदा सांगितले होते.

त्या खोलीसमोर उभे असताना मला बाबासाहेबांचे लेखन आठवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रोमच्या गुलामगिरीचा बारकाईने अभ्यास केला होता आणि गुलाम व अस्पृश्य यांच्या स्थितीची तुलना केली होती. रोमच्या गुलामांत लेखनिक होते, वैद्य होते, शिक्षक होते, आणि मालकाने मुक्त केले की त्यांच्यापुढे दार उघडत असे. गुलामगिरी वाईटच, पण अस्पृश्यतेत ते दारच नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. पुस्तकात वाचलेले ते वाक्यावाक्याने पटले होते. इथे टीटस आणि कॅसिअस समोर दिसत होते, आणि बाजूला बादली-झाडूची नोकरी करून मुलाला इंजिनिअर केलेली माझी बहीण उभी होती.

दुसरी आठवण झाली ती कार्ल्याची. आपल्यापैकी पुष्कळांनी कार्ल्याचे चैत्यगृह पाहिले असेल. तिथे ज्यांनी दान दिले त्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्यांच्या वंशातले लोक आहेत. आणि धेनुकाकट गावचा सामी नावाचा एक सुतारही आहे. दोन्हीकडे साध्या माणसांची नावे दगडात आहेत, पण फरक मोठा आहे. सामी सुताराचे नाव त्याने स्वतःच्या कामासाठी, स्वतःच्या मर्जीने कोरवून घेतले. टीटस आणि कॅसिअस यांची नावे मालकाने हाक मारली म्हणून उरली. त्यांना विचारले असते तर त्यांनी आणखी काय लिहायला सांगितले असते? आईचे नाव? गावाचे? ते आता कोणाला सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर

उन्हे उतरल्यावर निघालो. एन्नाचा डोंगर आता मागे पडत होता. अक्का बराच वेळ गप्प होती. मला वाटले दमली असेल. मग ती एकाएकी बोलू लागली. तिच्या चौकीवरच्या बायांची नावे. कोण कुठल्या गावची, कोणाचा नवरा कोणत्या खात्यात होता, कोण पावसात गाडीखाली सापडली, कोणी कर्ज काढून मुलीला नर्स केले. काही नावे फक्त पहिली, आडनाव आठवेना. मी खिशातली वही काढली आणि लिहू लागलो. हिशेब लिहायची सवय असल्याने नंबर घालत गेलो. कातानियाचे दिवे दिसू लागले तेव्हा एकोणीस नावे झाली होती. "विसावीचं नाव तोंडावर आहे, येत नाही," असे ती म्हणाली. रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसली असताना ते तिला आठवले आणि तिने मला झोपेतून उठवून लिहायला लावले.

वाचक बंधू-भगिनींनो, सिसिलीला जाणे आपल्या सगळ्यांना जमणारे नाही. मला तरी पुन्हा कुठे जमणार? पण ही वही मात्र प्रत्येक घरात होऊ शकते. आपले आजोबा कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते; आजी कोणाच्या शेतावर जात होती; पणजीचे माहेर कोणते; त्यांच्याबरोबर काम करणारी माणसे कोण. ज्यांना आठवते ती माणसे आज घराच्या कोपऱ्यात बसलेली आहेत. एका पिढीत ही नावे पुसून जातात, मग कितीही खणले तरी सापडत नाहीत. येत्या रविवारी मुलांना एक शंभर पानी वही आणून द्या आणि त्यांना आजीजवळ बसवा. आजी सांगेल तसे मुलांनी लिहावे. आडनाव आठवले नाही तर पहिले नाव लिहावे.

आणि एखाद्या सुट्टीत किल्ला, वाडा, लेणे बघायला गेलात तर माहितीफलक वाचून झाल्यावर मुलांना एक प्रश्न जरूर विचारा. इथे पाणी कोण भरत होते, आणि झाडत कोण होते?